केनवुड हाउस : लंडनच्या टेकडीवरचे घर आणि त्याचे रान

लंडनच्या उत्तरेला हॅम्पस्टेड आणि हायगेट या दोन जुन्या वस्त्यांच्या मध्ये उंच टेकाडांचा एक पट्टा आहे. त्याच्या दक्षिण उतारावर केनवुड हाउस उभे आहे. घर फिकट रंगाचे आणि लांबट आहे. समोरची हिरवळ उतरत दोन तळ्यांपर्यंत जाते, तळ्यांपलीकडे ओक आणि बीच वृक्षांचे जुने रान आहे, आणि रान ओलांडले की हॅम्पस्टेड हीथ हा मोकळा माळ सुरू होतो. घर आणि लगतची सुमारे ११२ एकर जमीन ‘इंग्लिश हेरिटेज’ ही संस्था सांभाळते. उरलेला माळ ‘सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशन’कडे आहे. दोन्ही मिळून क्षेत्रफळ सुमारे ३२० हेक्टर भरते.

घराची जागा आणि त्याची पहिली उभारणी सतराव्या शतकातली, आजचे रूप अठराव्या शतकातले, आणि भिंतींवरची चित्रे विसाव्या शतकात आलेली. बाहेरचे उद्यानही एका हातचे नाही. सगळे एकमेकांत इतके मुरले आहे की पाहणाऱ्याला ते पहिल्यापासून असेच असावे असे वाटते. म्हणून केनवुडमध्ये प्रत्येक वस्तूपाशी एक प्रश्न विचारावा लागतो : ही इथे कधी आली, आणि कोणामुळे?

सुरुवात जमिनीपासून करावी, कारण घराच्या आधी ती होती. टेकडीच्या माथ्यावर वाळूचा थर आहे, त्याखाली वाळूमिश्रित माती आणि तळाशी लंडनची घट्ट चिकणमाती. पावसाचे पाणी वाळूतून झिरपते, चिकण थराला अडते आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. केनवुडची तळी याच पाण्यावर भरतात. तिथून पाणी हायगेटच्या तळ्यांच्या ओळीत उतरते. एके काळी लंडनमधून उघडी वाहणारी आणि आता रस्त्यांखाली गडप झालेली फ्लीट नदी अशाच झऱ्यांतून उगम पावते. पश्चिमेकडच्या कुरणात पाणी साचून दलदलीचा एक लहान तुकडा तयार झाला आहे, तिथे स्फॅग्नम हे पाणी धरून ठेवणारे शेवाळ वाढते. लंडनसारख्या महानगरात ही दुर्मीळ गोष्ट आहे.

सतराव्या शतकाच्या आरंभी राजाचा मुद्रक असलेल्या जॉन बिलकडे ही जमीन होती आणि पहिले घर त्याच्याच काळातले मानले जाते. शतक संपता संपता ते विटांमध्ये नव्याने बांधले गेले. पुढे मालक बदलत गेले. त्यांपैकी एक, अर्ल ऑफ ब्यूट, नंतर ब्रिटनचा पंतप्रधान झाला. त्याच्याकडून १७५४ मध्ये विल्यम मरे या स्कॉटिश वकिलाने घर विकत घेतले, आणि केनवुडचा खरा इतिहास इथून सुरू होतो.

मरे १७५६ मध्ये इंग्लंडच्या ‘किंग्ज बेंच’ या न्यायालयाचा सरन्यायाधीश झाला आणि लॉर्ड मॅन्सफिल्ड म्हणून ओळखला जाऊ लागला. बत्तीस वर्षे तो त्या पदावर होता. व्यापार, विमा आणि हुंडीव्यवहार यांच्या कायद्याला त्याने जो आकार दिला, तो पुढे इंग्रजी राज्याबरोबर जगभर गेला. विमा घेणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेली महत्त्वाची माहिती दडवू नये, हे तत्त्व त्याने १७६६ च्या ‘कार्टर विरुद्ध बोहम’ या निकालात मांडले. भारतातील न्यायालये विम्याच्या वादांत आजही त्या निकालाचा आधार घेतात. लंडनमध्ये ब्लूम्सबरी चौकात त्याचे राहते घर होते. केनवुड हे शहराच्या धुरापासून दूर, पण न्यायालयापासून घोडागाडीने येण्याजोगे घर म्हणून त्याने निवडले.

घराला नवे रूप देण्यासाठी त्याने आपल्याच देशाचा, म्हणजे स्कॉटलंडचा, वास्तुकार रॉबर्ट अ‍ॅडम याला बोलावले. १७६४ ते १७७९ या काळात रॉबर्ट आणि त्याचा भाऊ जेम्स यांनी इथे काम केले. अ‍ॅडमने इटलीत राहून प्राचीन रोमन इमारतींचा अभ्यास केला होता. जड, थोराड नक्षीऐवजी नाजूक वेलबुट्टी, पातळ उठाव आणि फिके रंग ही त्याची शैली. त्याने मधल्या भागावर मजला चढवला, उत्तरेला उंच खांबांचा देखणा देवडीवजा प्रवेशमंडप उभारला आणि दक्षिणेच्या भिंतीवर गिलाव्याची नक्षी केली. घराच्या पश्चिम टोकाला संत्र्याची झाडे थंडीत जपण्यासाठी आधीच एक काचेरी दालन होते. त्याला जोड म्हणून अ‍ॅडमने पूर्व टोकाला ग्रंथालय बांधले आणि घराचा तोल साधला.

दक्षिण भिंतीच्या गिलाव्याची हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अ‍ॅडम बंधूंनी नक्षीसाठी तेल मिसळलेला एक नवा गिलावा वापरला होता. त्याचा शोध लिआर्डे नावाच्या स्विस धर्मगुरूने लावला होता आणि त्याच्या पेटंटचे हक्क अ‍ॅडम बंधूंनी घेतले होते. जॉन्सन नावाच्या स्पर्धकाविरुद्ध १७७८ मध्ये खटला चालला, आणि तो चालला खुद्द मॅन्सफिल्डसमोर, ज्याच्या घराच्या भिंतीवर अ‍ॅडम बंधूंचे काम होते! आजच्या कसोटीने अशा न्यायाधीशाने बाजूला व्हायला हवे होते. निकाल लिआर्डेच्या बाजूने लागला. शोधाचे वर्णन असे हवे की जाणकार कारागिराला ते वाचून वस्तू बनवता यावी, हा पेटंट कायद्यातला दंडक घडवण्यात या खटल्याचा मोठा वाटा मानला जातो. गिलावा मात्र इंग्लंडच्या हवेत टिकला नाही. पुढच्या पिढीलाच तो काढावा लागला, आणि आज दक्षिण बाजूला दिसणारी नक्षी ही विसाव्या शतकात केलेली प्रतिकृती आहे.

आत शिरल्यावर पहिले दालन लागते ते प्रवेशाचे. मॅन्सफिल्डच्या काळात जेवणाच्या पंगतीही इथेच बसत, म्हणूनच छतावर मद्याचा देव बॅकस आणि धान्याची देवी सेरीस चितारलेले आहेत. घराचा कळस म्हणजे ग्रंथालय. दोन्ही टोकांना अर्धवर्तुळाकार कोनाडे, त्यांच्यापुढे खांबांची जोडी, कोनाड्यांत पुस्तकांची कपाटे आणि वर कमानदार छत. छतावरची चित्रे अंतोनियो झुक्की या इटालियन चित्रकाराची, तर गिलाव्याची नक्षी जोसेफ रोझची. एकच दालन वाचनासाठी आणि पाहुण्यांच्या स्वागतासाठी वापरायचे होते. दोन कामांची सांगड इतकी सहज घातलेली आहे की कोणतेच काम दुसऱ्याच्या आड येत नाही.

या दालनातले आरसे पाहायला विसरू नये. दक्षिणेकडच्या उंच खिडक्यांतून हिरवळ, तळे आणि रान दिसते. अ‍ॅडमने समोरच्या भिंतीत कोनाडे करून त्यांत मोठे आरसे बसवले, म्हणजे खिडकीकडे पाठ करून बसलेल्या पाहुण्यालाही तोच देखावा दिसावा. त्या काळी एवढ्या मोठ्या काचा फार महाग होत्या. बाहेरचे उद्यान घराच्या सजावटीचा भाग आहे, ही कल्पना इथे शब्दांवाचून कळते. छताचे रंग पाहिलेल्या जुन्या प्रवाशांना मात्र आता वेगळे दृश्य दिसेल. पूर्वी तिथे सोनेरी मुलामा होता. रंगाचे थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर तो नंतर चढवलेला असल्याचे ठरले. २०१३ मध्ये संपलेल्या दुरुस्तीत सोनेरी थर दूर सारून अ‍ॅडमचे मूळचे फिके निळे, गुलाबी आणि पांढरे रंग परत आणले गेले. झगमगाट गेला, पण नक्षीची रेघ न् रेघ आता वाचता येते.

याच घरात डायडो एलिझाबेथ बेल वाढली. तिचा जन्म १७६१ चा. वडील सर जॉन लिंडसे हे नौदलातले अधिकारी आणि मॅन्सफिल्डचे भाचे; आई मारिया ही गुलामगिरीत असलेली आफ्रिकन स्त्री. मॅन्सफिल्ड दांपत्याला मूल नव्हते. त्यांनी डायडो आणि दुसऱ्या नात्यातली एलिझाबेथ मरे या दोघींना केनवुडमध्ये वाढवले. डायडो लिहायला-वाचायला शिकली. दूधदुभते आणि कोंबड्या-बदकांचे खुराडे यांची देखरेख तिच्याकडे होती, आणि म्हाताऱ्या न्यायाधीशाच्या पत्रव्यवहारातही ती मदत करी. १७७९ मध्ये आलेल्या एका अमेरिकन पाहुण्याने रोजनिशीत नोंदवले आहे की ती जेवणाच्या पंगतीला नव्हती. जेवणानंतर येऊन बायकांमध्ये बसली आणि त्यांच्याबरोबर बागेत फिरली. तिला मिळणारी वार्षिक रक्कम एलिझाबेथच्या जेमतेम एक तृतीयांश होती. प्रेम होते, मान होता, पण बरोबरी नव्हती. ही दरी झाकून केनवुडची गोष्ट सांगणे अन्यायाचे ठरेल.

दोघी मुलींचे एकत्र चित्र प्रसिद्ध आहे. डेव्हिड मार्टिनने काढलेले मानले जाणारे ते मूळ चित्र स्कॉटलंडमध्ये स्कोन पॅलेस या मॅन्सफिल्ड घराण्याच्या वाड्यात आहे. त्यात कृष्णवर्णी मुलगी गोऱ्या मुलीच्या पायाशी नाही, तिच्या बरोबरीने उभी आहे. त्या काळच्या इंग्रजी चित्रांत हे क्वचितच आढळते. २०१३ साली ‘बेल’ हा चित्रपट आला आणि केनवुडला येणाऱ्या कितीतरी लोकांना डायडोचे नाव तेव्हा प्रथम कळले.

डायडो या घरात वावरत असतानाच मॅन्सफिल्डपुढे गुलामगिरीचे दोन मोठे खटले आले. जेम्स सॉमरसेट या गुलामाला त्याच्या मालकाने अमेरिकेतून लंडनला आणले होते. तो पळाला, पकडला गेला आणि जमैकाला नेऊन विकण्यासाठी जहाजावर बेड्या घालून ठेवला गेला. २२ जून १७७२ रोजी मॅन्सफिल्डने निकाल दिला : इंग्लंडच्या कायद्यात अशा बळजबरीला आधार नाही, सॉमरसेटला सोडलेच पाहिजे. निकाल जाणूनबुजून अरुंद शब्दांत होता आणि वसाहतींमधल्या गुलामगिरीला त्याने हात लावला नाही. तरी लंडनमधल्या काळ्या लोकांनी तो स्वातंत्र्याचा निकाल मानून साजरा केला. १७८३ मध्ये ‘झाँग’ जहाजाचा खटला आला. खलाशांनी १३० हून अधिक गुलामांना समुद्रात फेकून मारले होते आणि मालक त्यांच्याबद्दल विम्याची भरपाई मागत होते. खटला खुनाचा नव्हताच, मालाच्या नुकसानीचा होता. मॅन्सफिल्डने फेरसुनावणीचा आदेश दिला, पण त्याच्याही न्यायालयात माणसे मालाच्या भाषेतच मोजली गेली. आपल्या मृत्युपत्रात त्याने डायडो स्वतंत्र आहे असे स्पष्ट लिहून ठेवले आणि तिच्यासाठी ५०० पौंड व वर्षाला १०० पौंडांची तरतूद केली. घरातल्या लाडक्या मुलीचे स्वातंत्र्यही कागदावर लिहून ठेवावे लागले, यावरून त्या सॉमरसेट निकालाची मर्यादा समजते.

१७८० च्या जून महिन्यात कॅथलिकांना दिलेल्या सवलतींविरुद्ध लंडनमध्ये दंगल उसळली. जमावाने मॅन्सफिल्डचे ब्लूम्सबरीचे घर जाळले, त्यात त्याची पुस्तके आणि कागदपत्रे गेली. दंगेखोर केनवुडकडेही निघाले होते. वाटेतल्या ‘स्पॅनियर्ड्स’ या खानावळीच्या मालकाने त्यांना दारू पाजून सैन्य येईपर्यंत थोपवले, अशी कथा सांगतात. खानावळ आजही केनवुडजवळच्या रस्त्यावर आहे.

मॅन्सफिल्ड १७९३ मध्ये वारला आणि घर पुतण्याकडे, दुसऱ्या अर्लकडे आले. या पुतण्याच्या हाती केनवुड तीनच वर्षे होते, पण आज जे उद्यान दिसते त्यात त्याचा वाटा मोठा आहे. तोवर हॅम्पस्टेड-हायगेट रस्ता घराच्या अगदी उत्तर दाराजवळून जात असे. त्याने तो रस्ताच उत्तरेकडे सरकवला. जॉर्ज सॉन्डर्स या वास्तुकाराकडून उत्तरेला दोन नवे बाजूचे भाग, नोकरांची आणि मुदपाकखान्याची इमारत आणि एक टुमदार दुग्धशाळा बांधून घेतली. उद्यानासाठी त्या काळचा नामांकित उद्यानरचनाकार हंफ्री रेप्टन याचा सल्ला घेतला.

इंग्लंडमध्ये तेव्हा सरळ रेषेतल्या, कातरलेल्या झुडपांच्या बागा मागे पडल्या होत्या. उद्यान निसर्गासारखे दिसावे, पण निसर्गापेक्षा नेटके असावे, ही नवी आवड होती. रेप्टन मालकाला चित्रांची वही करून देई. तिच्यात कागदाची झडप उचलली की आजच्या देखाव्याखाली उद्याचा देखावा दिसे. केनवुडच्या वाटा त्याच विचाराने आखलेल्या आहेत. प्रवेशाच्या बाजूने आल्यावर दरी, तळे काहीच दिसत नाही; उत्तरेकडे केवळ झाडी आणि अंगण. घराच्या कडेने वेलींच्या बोगद्यातून जाणारी वाट वळते, आणि बोगदा संपताच हिरवळ, पाणी आणि रान एकदम समोर उघडते. हा धक्का योजलेला आहे. म्हणून घराला वळसा घालून दक्षिणेकडे येणाऱ्याने ही वाट चुकवू नये.

तळ्याच्या पूर्व टोकाला पांढरा पूल दिसतो. तो पूलच नाही. अठराव्या शतकात उभारलेला तो लाकडी देखावा आहे. त्यावरून कोणी कुठे जात नाही. घरातून पाहणाऱ्याला तळे तिथे संपत नाही, पुलाखालून नदीसारखे पुढे वाहते असे वाटावे, एवढ्यासाठी तो रंगवून ठेवला आहे. जवळ जाऊन मागच्या बाजूने पाहिले की केवळ फळ्या आणि टेकू दिसतात, नाटकाच्या पडद्यामागे गेल्यासारखे. मग परत गच्चीवर येऊन पाहावे : भास तसाच टिकतो, हे रचनाकाराचे कौशल्य.

तळ्यांमागचे रान मात्र भास नाही. ओक आणि बीच यांचे हे रान शतकानुशतके रानच राहिले आहे आणि कायद्याने संरक्षित आहे. इथे पडलेली खोडे उचलली जात नाहीत, उभे वाळलेले वृक्ष शक्य तेथे तसेच ठेवतात, कारण कुजत्या लाकडावर दुर्मीळ भुंगे आणि बुरशी जगतात. जुन्या झाडांच्या ढोलीत वटवाघळे राहतात आणि संध्याकाळी तळ्यावर किडे टिपतात. बागेच्या कातरलेल्या हिरवळीवरून शंभर-दोनशे पावलांत माणूस या जुन्या रानात शिरतो. अर्धा दिवस हाती असेल तर त्यातला निम्मा वेळ बाहेरच घालवावा.

विसाव्या शतकात घराला उतरती कळा लागली. मॅन्सफिल्ड घराणे स्कॉटलंडमध्ये राहू लागले होते. केनवुड भाड्याने दिले जाऊ लागले. भाडेकऱ्यांत रशियाच्या राजघराण्यातला ग्रँड ड्यूक मायकेलही होता. पुढे जमिनीचे तुकडे पाडून घरे बांधण्याची योजना आली. १९२२ मध्ये घरातले सामान लिलावात गेले, त्यात अ‍ॅडमने याच दालनांसाठी आखलेले फर्निचरही होते. आज दिसणारे बरेचसे फर्निचर म्हणूनच मूळचे नाही. काही मूळ वस्तू मात्र चिकाटीने शोधून परत आणल्या गेल्या आहेत. रान वाचवण्यासाठी स्थानिक नागरिकांनी वर्गणी गोळा केली आणि जमिनीचा मोठा भाग लोकांसाठी खुला झाला. घर आणि त्याभोवतालची उरलेली जमीन १९२५ मध्ये गिनेस मद्यघराण्यातले एडवर्ड सेसिल गिनेस, पहिले अर्ल ऑफ आयव्ही, यांनी घेतली. ते १९२७ मध्ये वारले. घर आणि आपल्या संग्रहातली ६३ चित्रे त्यांनी जनतेला दिली, आणि १९२८ मध्ये दारे उघडली. प्रवेश विनामूल्य असावा ही त्यांची इच्छा १९२९ च्या कायद्याने पक्की झाली आणि आजही पाळली जाते.

चित्रे म्हणजे केनवुडचा तिसरा थर. रेम्ब्राँने १६६५ च्या सुमारास काढलेले, मागे दोन वर्तुळे असलेले आत्मचित्र इथे आहे. त्या वर्तुळांचा अर्थ काय यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. म्हाताऱ्याचे डोळे स्थिर आहेत, हात मात्र काही फटकाऱ्यांतच सोडून दिलेला. एवढेच पाहायला लंडनचे एक तिकीट काढावे असे हे चित्र आहे. वर्मीरची ‘गिटार वाजवणारी’ १६७२ च्या सुमाराची. तिच्या कापडाला मागून दुसरे कापड कधीच चिकटवलेले नाही आणि ते अजून मूळच्या लाकडी चौकटीवर ताणलेले आहे. इतके जुने चित्र अशा स्थितीत फार क्वचित सापडते. १९७४ च्या फेब्रुवारीत खिडकी फोडून ते चोरीला गेले आणि मे महिन्यात लंडनमधल्या एका चर्चच्या आवारात सापडले.

भारतीय पाहुण्याने फ्रान्स हाल्सच्या १६३३ च्या चित्रासमोर थोडे जास्त थांबावे. त्यातला हसऱ्या, रापलेल्या चेहऱ्याचा माणूस पीटर व्हान डेन ब्रुके, डच ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापारी. १६२० च्या दशकात सुरतेच्या डच वखारीचा तो प्रमुख होता. त्याआधी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याने गुलामांच्या व्यापारातही भाग घेतला होता. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या थोडेच आधी सुरतेत कापड आणि नीळ खरेदी करणारा हा माणूस आता डायडोच्या घरात टांगलेला आहे. हा योगायोग आहे, पण त्यामागचा व्यापार एकच होता.

केनवुडला कोणतेही भुयारी रेल्वेचे स्थानक नाही. हॅम्पस्टेड किंवा हायगेटहून चालत किंवा २१० क्रमांकाच्या बसने जाता येते. चालणाऱ्यांनी दक्षिणेकडून, पार्लमेंट हिलवरून यावे : आधी लंडनचा पसारा पाठीमागे दिसतो, मग माळ, रान, आणि शेवटी तळ्यापलीकडे घर. खालची दालने आधी पाहावीत, कारण मोठी चित्रे आणि ग्रंथालय तिथेच आहेत. काही पडदे अर्धे ओढलेले आढळतात. रंग आणि कापड उन्हाने विटतात म्हणून प्रकाश मुद्दाम कमी ठेवलेला असतो, डोळे सरावायला थोडा वेळ द्यावा. नंतर नोकरांच्या इमारतीकडे वळावे. जुन्या दारूभट्टीच्या आणि गाडीखान्याच्या जागी आता चहा-फराळ मिळतो. बागेत हेन्री मूर आणि बार्बरा हेपवर्थ यांची शिल्पे आहेत. दुग्धशाळा उघडी असली तर जरूर पाहावी. मात्र ही ती डायडोच्या देखरेखीची जागा नव्हे. ही इमारत मॅन्सफिल्डच्या मृत्यूनंतरची आहे.

केनवुडपासून दक्षिणेला सुमारे तीन किलोमीटरवर किंग हेन्रीज रोडवर दहा क्रमांकाचे घर आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, १९२१-२२ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले. वस्तीतल्या घराचे संग्रहालय करायला स्थानिक परिषदेने परवानगी नाकारली होती, ती २०२० मध्ये अपिलात मिळाली. त्या घराला ना हिरवळ ना तळे; जवळची मोकळी जागा म्हणजे प्रिमरोझ हिलची टेकडी. केनवुडहून हीथ उतरून तिथे पायी जाता येते, आणि दोन्ही घरे एकाच दिवसात पाहून होतात.